आडात आहे, पोहऱ्यात नाही

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण आपण ऊठसूट वापरतो. गणितात नापास झालेल्या चिरंजिवांविषयी वापरतो, शेजारच्या होतकरू गवयाविषयी वापरतो, आणि निवडणुका आल्या की उमेदवारांविषयी तर फारच मोकळ्या मनाने वापरतो. पण खरा आड आणि खरा पोहरा आज किती घरांतल्या मुलांनी पाहिला असेल, याची शंकाच आहे. म्हण उरली आणि वस्तू गेली, अशी ही गत आहे.

माझे आजोळ वळसंगचे. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वाटेत हे गाव लागते. एका वाक्यात मराठी आणि दुसऱ्या वाक्यात कानडी बोलणारी माणसे, काळी जमीन, उन्हाळ्यात डोळ्यांपुढे नाचणारे ऊन, आणि पाण्याविषयी प्रत्येकाच्या मनात सदैव असलेली एक काळजी. आम्ही सोलापुरात नळाचे पाणी पिणारी मुले. नळाने पाणी येते यात विचार करण्यासारखे काही असते हे आम्हांला माहीत नव्हते. सुट्टीत आजोळी गेलो की मात्र पाण्यामागे केवढे शास्त्र आहे ते कळे. कारण तिथे प्रत्येक घागर स्वतःच्या दंडांनी वर आणावी लागे, आणि दंड दुखू लागले की माणूस आपोआप प्रश्न विचारू लागतो.

पहिला प्रश्न असा : पोहरा पाण्यात बुडालेला असतो तोवर दोर कसा फुलासारखा हलका लागतो, आणि पाण्याबाहेर आला रे आला की खांद्याला एकदम हिसका का बसतो? पोहरा तोच, पाणीही तेवढेच. मामा शाळेत शिक्षक होते. ते म्हणाले, “पाण्यात पाण्याला वजन कुठून असणार, बाळ? त्याला चोहोबाजूंचे पाणीच उचलून धरते. तू पाण्यात असेतो नुसता पोहऱ्याचा पत्रा ओढत होतास. पाणी खरे ओढायला लागलास तो आत्ता.” आर्किमिडीजचे नाव पुढे पुस्तकात भेटले तेव्हा हा गृहस्थ आपल्या आजोळचाच असावा असे मला वाटले.

दुसरा प्रश्न कप्पीचा. आडावरच्या साध्या कप्पीने ओझे हलके होते असा सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात ते रतीभरही हलके होत नाही. दहा लिटरचा पोहरा दहा किलोच्याच जोराने ओढावा लागतो, आणि आस कुरकुरत असला तर वर त्याची दस्तुरी वेगळी. मग कप्पी करते काय? ती फक्त दिशा बदलते. वाकून वर खेचायचे ते ताठ उभे राहून खाली खेचायचे, एवढाच फरक. पण तेवढ्याने कंबर वाचते, तोल जाऊन आत पडण्याची भीती जाते, आणि आपल्या शरीराचे वजन आपल्याच मदतीला येते. रहाटाचे मात्र तसे नाही. त्याची मूठ मोठ्या वर्तुळात फिरते आणि दोर लहान लाटेवर गुंडाळला जातो. मुठीचे वर्तुळ लाटेच्या चौपट असेल तर जोर चौथाई पुरतो. पण हात चौपट फिरवावा लागतो. निसर्गाच्या दुकानात घासाघीस चालत नाही. जोर कमी द्या, अंतर जास्त द्या. एकूण हिशेब तोच.

याहून चतुर हिशेब मोटेचा होता. मोटेचे बैल ज्या वाटेवर चालतात तिला धाव म्हणतात, आणि धाव नेहमी विहिरीपासून दूर उतरती केलेली असते. भरलेली मोट वर येताना बैल उताराने खाली जातात, म्हणजे त्यांचे स्वतःचे वजन मोटेच्या वजनाशी झुंजते. मोट थारोळ्यात रिकामी झाली की चढाची वाट लागते. पण तेव्हा पाठीमागे ओझे नसते. ज्याने पहिली धाव उतरती केली त्याने यंत्रशास्त्राचा ग्रंथ वाचला नसेल. त्याने बैलाच्या मानेकडे नीट पाहिले असेल, एवढे खरे.

हिवाळ्यातल्या पहाटे आडाचे पाणी कोमट लागे, आणि वैशाखात तेच थंडगार. आजीला विचारले तर ती म्हणे, “अरे, भुई आईसारखी असते. पोराला कधी काय हवे ते तिला कळते.” मामांचे उत्तर याहून कोरडे, पण तितकेच आनंदाचे होते. माती आणि खडक उष्णता फार सावकाश आत घेतात आणि सावकाश सोडतात. वरच्या उन्हाची आणि थंडीची बातमी खाली पोहोचता पोहोचता विरून जाते. दहा-बारा मीटर खाली तर वर्षभर तापमान जवळजवळ एकच असते, आणि ते त्या ठिकाणच्या वर्षाच्या सरासरी तापमानाच्या जवळपास राहते. सोलापूरकडे ते २६-२७ अंश सेल्सिअस धरा. बाहेर चाळीसच्या वर पारा गेला की हेच पाणी गार, आणि पहाटे पंधरावर आला की हेच ऊन. बदलते ते आपले अंग. पाणी बिचारे होते तसेच असते.

माठाची गोष्ट निराळी. तिथे पाणी खरोखरच गार होते. माठाच्या भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आतल्या पाण्यातून उचलते. एक लिटर पाण्याची अशी वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेतली तर ५८ लिटर पाणी दहा अंशांनी गार व्हावे! हवा कोरडी असेल तर हे काम झपाट्याने होते. म्हणून आमच्या सोलापूरचा माठ उन्हाळ्यात जसा गार असतो तसा कोकणातला होत नाही. जुना माठ गार का होत नाही, तेही यातच आले. पाण्यातले क्षार छिद्रांत बसत जातात आणि माठाचा घाम बंद होतो.

आता माझ्या मूळच्या म्हणीकडे येतो. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ हे बरोबर आहे. पण आडात तरी ते कोठून येते?

लहानपणी विहीर म्हणजे जमिनीत पुरलेला एक प्रचंड हौद, अशी आपली कल्पना असते. विहीर हौद नव्हे. ती खिडकी आहे. आपला सारा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तयार झाला. वरचा थर ऊन-पावसाने कुजून मुरूम झाला. त्याखाली भेगाळलेला पाषाण, कुठे लाव्ह्यातल्या बुडबुड्यांची भोके राहिलेला नरम खडक, आणि मधूनमधून पाण्याला अजिबात दाद न देणारा अखंड काळा पाषाण. पावसाचे पाणी मुरमातून, भेगांतून, भोकांतून हळूहळू उतरते आणि जिथे अडते तिथे साचते. आपण त्या ओल्या थरापर्यंत खड्डा खणला की बाजूंनी झरे फुटतात आणि खड्ड्यात पाणी चढते. बाहेरच्या थरात पाण्याची जी पातळी असेल तीच विहिरीत दिसते. तात्पर्य, पाणी विहिरीचे नसते. पाणी त्या थराचे असते. एकाच थरात जवळजवळ खणलेल्या दोन विहिरी म्हणजे एकाच खोलीला पाडलेल्या दोन खिडक्या. या खिडकीतून पाहा की त्या खिडकीतून, आतला दिवा एकच.

हे एवढे कळले म्हणजे गावातल्या एका गोष्टीचा अर्थ लागत नाहीसा होतो. गावाला दोन विहिरी कशासाठी?

आजीने सांगितलेले एक चित्र माझ्या मनातून जात नाही. तिच्या तरुणपणी आडापासून दहा-वीस पावलांवर काही बाया रिकाम्या घागरी मांडून उभ्या असत. आडाला त्यांनी हात लावायचा नाही. कुणी मनात आणून आपला पोहरा वरून त्यांच्या घागरीत ओतील तेव्हा ओतील. ऊन डोक्यावर येई. घरी लेकरे असत. “पाणी भरपूर होते रे,” आजी म्हणे, “आडाला काही कमी नव्हती.” एवढे बोलून ती गप्प होई. आडात आहे आणि पोहऱ्यात नाही, हे मी प्रथम तिच्या तोंडून ऐकले. म्हणीत न सापडणारी ती अर्धी गोष्ट.

कायद्याने हा प्रश्न पूर्वीच घेतला होता. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, कागदावर. चार वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्याले, तेव्हा काय झाले ते सर्वश्रुत आहे. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, ते तळे माणसांच्या ओंजळीने बाटले असे ठरले आणि त्याची ‘शुद्धी’ झाली. घागरींतून शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते तळ्यात सोडण्यात आले. रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा : पाणी घाण केव्हा झाले, ओंजळ बुडाली तेव्हा की शेण पडले तेव्हा? तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

त्याच १९३७ साली बाबासाहेब वळसंगला आले. तिथल्या दलित वस्तीने आपली विहीर खणली होती. पहार, टिकाव आणि स्वतःचे हात एवढ्या भांडवलावर माणसे त्या काळ्या पाषाणात उतरली असतील, तेव्हा पाणी लागेतो त्यांनी किती दिवस मोजले असतील! त्या विहिरीचे पाणी बाबासाहेब प्याले. महाडच्या मानाने ही घटना लहान. इतिहासाच्या पुस्तकांत तिला क्वचितच जागा मिळते. पण वळसंगने तिची आठवण जपली आहे, आणि माझ्या लेखी ती विज्ञानाच्याही इतिहासात बसावी. कारण या माणसांनी कुणाच्या आडाचे पाणी मागितले नाही. पाणी कुणाच्या आडाचे नसतेच, हे त्यांनी पहारीने सिद्ध केले. तीच जमीन, तोच पाऊस, तोच खडक. फरक होता तो दोर कुणाच्या हातात आहे, एवढाच.

कुणी म्हणेल, जुन्या लोकांच्या शिवाशिवीत काही आरोग्याचा विचार असेल. असता तर बरे झाले असते! पाण्यातून खरोखर काय पसरते, याचा शोध तसा अलीकडचा. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीने माणसे पटापट मरू लागली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मेलेल्यांच्या घरांचा माग काढला. ती घरे एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झालेली निघाली. त्यांनी त्या पंपाचा दांडा काढायला लावला. पुढे कळले की विहिरीला लागूनच एक मैलाखड्डा होता आणि तो आत पाझरत होता. पटकीचा जंतू १८८४ च्या सुमारास रॉबर्ट कोख यांनी कलकत्त्यात ओळखून जगापुढे ठेवला. या जंतूला कुळ विचारता येत नाही. विहीर बाटते ती जवळच्या उकिरड्याने, सांडपाण्याच्या गटाराने, मातीत लोळलेल्या दोराने आणि पायऱ्यांवरून आत जाणाऱ्या चिखलाच्या पायांनी. मग ते पाय पाटलाचे का असेनात. माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरते, क्षार पाझरतात. जात पाझरू शकेल एवढे छिद्र अजून कुठल्याही सूक्ष्मदर्शकाला दिसलेले नाही.

पाणी वर आणण्याच्या शास्त्रात आमच्या सोलापूरने जगाला एक देणगी दिली आहे, आणि मौज अशी की खुद्द सोलापुरात ती फारशी कुणाला ठाऊक नाही. पण ती कळायला आधी एक अडचण समजून घ्यावी लागेल. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. खरे म्हणजे पंप फक्त नळीतली हवा काढून घेतो. पाण्याला वर ढकलते ते बाहेरच्या हवेचे वजन. हवेला तरी किती जोर असणार? समुद्रसपाटीला ती पाणी फार तर सुमारे १०.३ मीटर चढवू शकते. इटलीच्या टॉरिसेलीने १६४३-४४ साली पाऱ्याच्या नळीवर हे दाखवून दिले. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच, म्हणून इथली हवा आणखी अर्धा मीटर कमी ढकलते. गळती आणि घर्षण धरता हाती येतात सात-आठ मीटर. खोल विहिरीत इंजिन काठावर न बसवता अर्ध्यावर कोनाडा करून खाली का बसवलेले असते, त्याचे कारण हेच. विहिरीत पाणी आहे, यंत्र धडधडते आहे, आणि थेंब वर येत नाही. इथेही आडात आहे, पोहऱ्यात नाही!

१९७२ च्या दुष्काळात आड-विहिरी तळाला गेल्या आणि खोल कूपनलिका खणण्याला जोर आला. नलिका तर खोल गेल्या. पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप टिकेनात. ते एका कुटुंबाच्या बेताने घडवलेले होते आणि इथे सारे गाव दिवसभर दांडा हलवणार. यावर जालन्याला आणि मग सोलापूरला, खेड्यापाड्यांत पाण्याचे काम करणाऱ्या मिशनरी संस्थांच्या कारागिरांनी उपाय शोधला. पंप पोलादाचा केला, दांडा एकाच भक्कम आसावर फिरता ठेवला, आणि दांड्याच्या टोकाला चतकोरासारखी कमान देऊन तिच्यावरून साखळी सोडली, म्हणजे खालची सळई नेहमी सरळ रेषेत वरखाली होते, वाकडी ओढली जात नाही. मुख्य म्हणजे दट्ट्या खाली, थेट पाण्यात बसवला. तिथून तो पाणी उचलतो. हवेच्या मेहेरबानीची गरजच उरत नाही. हाच ‘सोलापूर पंप’. त्यात सुधारणा करून युनिसेफ आणि भारत सरकार यांच्या प्रयत्नाने १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. पुढे तो देशभर लाखांनी बसला आणि आफ्रिकेतही गेला. त्याच्या दांड्यात एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला एक असे लांबीचे प्रमाण आहे, म्हणून पन्नास मीटरांवरचे पाणीही दहा-बारा वर्षांची पोर वर आणू शकते.

या पंपाचे मला आणखी एका कारणाने कौतुक वाटते. त्याला पोहरा नाही, दोर नाही, वाकून पाहायला उघडे तोंड नाही. जो दांडा धरील त्याच्या घागरीत पाणी. पाण्याला हात कुणाचाच लागत नाही, म्हणून बाटण्याचा वादच मिटावा! अर्थात यंत्राने मने बदलत नाहीत. पंप कुठल्या आळीत बसवायचा आणि रांगेत पुढे कुणी उभे राहायचे, हे प्रश्न यंत्राबाहेरचे आहेत. त्यासाठी राज्यघटना लागली. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. जगातल्या किती घटनाकारांना विहिरीची आठवण झाली असेल? ज्याने तहान आणि रांग दोन्ही पाहिली होती त्याच्या देखरेखीखाली हे कलम लिहिले गेले, हे वाचताना जाणवते.

आणि तरी म्हण अजून खोटी पडतेच आहे; आता दोराची लांबी बदलली आहे. कूपनलिकेत पाण्यात बुडणारा पंप सोडला की सातआठ मीटरांचे बंधन सुटते. पैसा असेल तितके खोल जाता येते. एक जण जोराने उपसू लागला की त्याच्या नळीभोवती पाण्याची पातळी नरसाळ्यासारखी खाली खचते. हे नरसाळे पसरत शेजाऱ्याच्या बांधाखाली जाते आणि त्याची बारा-पंधरा मीटरांची विहीर कोरडी पडते. बिचारा देवाला आणि पावसाला बोल लावतो; त्याचे पाणी मात्र शेजारच्या उसात खेळत असते. खिडक्या दोन, खोली एक, याचाच हा दुसरा पुरावा. महाराष्ट्राने भूजलाचा कायदा करून साठ मीटरांपलीकडे जाणाऱ्या विहिरींवर बंधने घातली आहेत. १९२३ चा ठराव आठवला म्हणजे कागद आणि जमीन यांतले अंतर मीटरांत मोजता येत नाही, एवढे मात्र लक्षात येते.

आपण शहरातली माणसे. आपल्या घरी नळ आहे, नळ नसेल तेव्हा टँकर आहे, आणि सोसायटीच्या आवारात एक बोअर आहे. तिचे पाणी कुंपणाच्या आत उगवते असा आपला समज असतो. मुलांना या सुट्टीत एक प्रयोग करून दाखवा. दोन बाटल्यांचे बूड कापून त्या उलट्या धरा, तोंडे एका रबरी नळीने जोडा आणि एकीत पाणी ओता. दुसरीतही ते तेवढेच चढेल. मग एकीतले उपसा आणि दुसरीकडे पाहायला सांगा. प्रयोगाला दोन मिनिटे लागतात. त्यानंतर मुले जे प्रश्न विचारतील त्यांना मात्र वेळ काढून उत्तरे द्यावी लागतील.

दिवाळीनंतर पुष्कळ मंडळी अक्कलकोटला दर्शनाला जातात. वाटेत वळसंग लागेल. गाडी थोडी थांबवा आणि १९३७ सालची विहीर कुठे आहे ते विचारा. मुलांना बरोबर न्या. ती विहीर कुणी खणली आणि का खणावी लागली, ते त्यांना तिथे उभे राहून सांगा. कप्पी, दाब आणि झरे यांचे शास्त्र त्यांना शाळेत मिळेल. पण त्याच पाण्यासाठी माणसांना दुसरा खड्डा का खणावा लागला, हे कुठल्याही प्रयोगशाळेत कळणार नाही. ते सांगण्याचे काम आपले आहे.